फलक लावला, दिसला का?

बहुतेक शाळांच्या व्हरांड्यात एक तक्ता टांगलेला असतो: ‘वाहतुकीची चिन्हे’. पांढऱ्या कागदावर ओळीने चौकोन, प्रत्येक चौकोनात एक चिन्ह आणि खाली त्याचे नाव. रस्ता सुरक्षा सप्ताह आला की त्यावरची धूळ झटकली जाते, पाचवी-सहावीच्या मुलांना नावे पाठ करायला सांगितली जातात, प्रश्नमंजूषा होते आणि ज्याला सगळी चिन्हे ओळखता येतात त्याला बक्षीस मिळते. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेतही थोड्याफार फरकाने हेच होते. आमच्या मते हा तक्ता अगदी कमकुवत शैक्षणिक साधन आहे. एवढेच असते तर आम्ही त्यावर लिहिले नसते. पण तक्ता करणाऱ्याने जी चूक केली आहे तीच चूक रस्त्यावर फलक लावणारे आणि फलक मोडला म्हणून दंड करणारेही करतात. म्हणून तक्त्यापासून सुरुवात करू.

तक्त्यावरचे चिन्ह डोळ्यांसमोर दोन हातांवर असते. भोवती कोरा कागद असतो. पाहायला हवा तेवढा वेळ असतो. रस्त्यावर यातले काहीच नसते. लाल कडेचे, आत ४० लिहिलेले ते वर्तुळ आधी ठिपक्याएवढे असते. तेही दृष्टीच्या मध्यावर नव्हे, डाव्या कडेला. आणि रसवंतीची पाटी, बांधकाम व्यावसायिकाची जाहिरात, विजेचा खांब यांच्या गर्दीत. दोन-तीन सेकंदांत ते मागे निघून जाते. तक्ता मुलाला चिन्हाचा अर्थ शिकवतो. ते रस्त्यावर वेळेत दिसते का, हा प्रश्न तो विचारतच नाही.

आमच्या नेहमीच्या राज्यमार्गावर एका गावाच्या वेशीशी असा ४० चा फलक आहे. चैत्र-वैशाखात तो लांबून दिसतो. पावसाळा सुरू झाला की त्याच्या अलीकडची सुबाभूळ वाढते आणि श्रावणापर्यंत फक्त लाल कडेचा एक तुकडा पानांतून डोकावतो. भाद्रपदात त्याच खांबाला शुभेच्छांचा फ्लेक्स बांधलेला असतो. फलकापुढे दीडशे पावलांवर जिल्हा परिषदेची शाळा आहे आणि तिची निम्मी मुले रस्त्यापलीकडच्या वस्तीतून येतात. या मुलांसाठीच तो फलक उभा केला आहे.

अशा ठिकाणी कोणी ताशी ७० किलोमीटर वेगाने आला, पकडला गेला आणि म्हणाला, ‘साहेब, पाटी दिसलीच नाही’, तर?

मोटार वाहन कायदा, १९८८ यात वेगाच्या मर्यादा दोन प्रकारच्या आहेत. एक सर्वसाधारण: अमुक प्रकारच्या वाहनाने अमुक प्रकारच्या रस्त्यावर यापेक्षा जास्त वेगाने जाऊ नये. ही अधिसूचनेने ठरते आणि ती चालकाला ठाऊक असलीच पाहिजे. तिच्यासाठी जागोजागी फलकांची गरज नाही. दुसरी खास एखाद्या जागेपुरती: पूल, वळण, शाळा, बाजार. ही कलम ११२ च्या दुसऱ्या पोटकलमाखाली ठरते, आणि तिथे कायद्याची भाषा लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. राजपत्रात अधिसूचना काढून, आणि योग्य ठिकाणी वाहतूक चिन्हे लावून, अशी मर्यादा घालता येते असे ते कलम सांगते. (मर्यादा महिन्याभरापेक्षा जास्त काळ राहणार नसेल तर अधिसूचनेची गरज नाही.) म्हणजे या दुसऱ्या प्रकारात फलक ही केवळ जाहिरात नव्हे, मर्यादा घालण्याच्या कृतीचाच तो एक भाग आहे. चिन्हे लावण्याचा अधिकार देणारे कलम ११६ तर हेतूही सांगते: मर्यादा लोकांच्या निदर्शनास आणण्यासाठी. याच कलमात वाहतूक चिन्ह झाकणारी पाटी किंवा जाहिरात काढून टाकण्याचा अधिकार वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना देण्याची सोय आहे. आमच्या वेशीवरचा फ्लेक्स या तरतुदीत चपखल बसतो.

मग येते कलम ११९. सक्तीच्या चिन्हांनुसार प्रत्येक चालकाने वाहन चालवले पाहिजे. ‘दिसले तर’ असे तिथे नाही. ते योग्यच आहे. ‘मी पाहिले नाही’ एवढ्यावर सुटका होऊ लागली तर रस्त्यावरचा प्रत्येक बेफिकीर चालक निर्दोष ठरेल. जितके कमी पाहाल तितके निर्धास्त! शिवाय एखाद्याने खरोखर पाहिले होते की नाही हे सिद्ध करण्याचा मार्ग कोणाकडेच नाही. चालकाच्या डोक्यात शिरून कायद्याला पाहता येत नाही.

पण ‘पाहिले का?’ या प्रश्नाला जागा नसली तरी ‘पाहता येण्याजोगे होते का?’ हा प्रश्न उरतोच. आमचा सगळा मुद्दा या दोन प्रश्नांमधल्या फरकाचा आहे. पहिल्याचे उत्तर कधीच मिळत नाही. दुसऱ्याचे उत्तर फूटपट्टी, मोजपट्टी आणि घड्याळ घेऊन मिळते. ते आठवी-नववीच्या गणितातले आहे, म्हणून इथे करून पाहू.

निरोगी डोळ्याला, म्हणजे नेत्रतज्ज्ञ ज्याला ६/६ म्हणतात त्या दृष्टीला, एखादे अक्षर वाचण्यासाठी ते डोळ्याशी निदान ५ मिनिटांचा कोन करणारे असावे लागते (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). फलकावरचा अंक १५ सेंटिमीटर उंच आहे असे धरू. १५ सेंमी उंची ५ मिनिटांचा कोन साधारण १०० मीटरवरून करते. पण हे झाले दवाखान्यातल्या तक्त्यासमोर बसलेल्या माणसाचे. हलती गाडी, काचेवरची धूळ, संध्याकाळचा उजेड, पन्नाशीचे डोळे हे सगळे धरून अमेरिकेतल्या रस्ता अभियंत्यांनी ढोबळ नियम ठेवला आहे: अक्षराच्या एक इंच उंचीमागे तीस फूट वाचन-अंतर. या हिशेबाने आपला अंक सुमारे ५४ मीटरवरून वाचता येईल. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. ५४ मीटर संपायला लागतात जेमतेम अडीच सेकंद.

आता चालक कसा आहे ते ठरवू. तो आदर्श आहे: जागा, सावध, फलक वाचता येऊ लागल्याच्या क्षणी वाचणारा. वाचून, समजून, पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ रस्त्यांच्या आखणीत अडीच सेकंद धरतात. म्हणजे तो ब्रेक दाबू लागतो तेव्हा फलक बरोबर त्याच्या शेजारी आलेला असतो. मागे ट्रक आहे, मांडीवर मूल घेतलेले प्रवासी आहेत, म्हणून तो करकचून ब्रेक दाबत नाही. सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद एवढा वेग कमी करत जातो. ८० वरून ४० वर यायला त्याला आणखी सुमारे ९३ मीटर लागतात. फलकापुढे ५० मीटरवर वेग मोजणारे यंत्र असेल तर तिथे त्याचा वेग भरेल ताशी सुमारे ६२ किमी.

याने काय चुकवले? काहीच नाही. तरी मर्यादा फलकापासून सुरू होत असल्याने तो गुन्हेगार आहे. सर्वांत दक्ष चालकालाही पाळता येणार नाही अशा जागी तो फलक आहे, एवढाच याचा अर्थ. उपाय अभियंत्यांना ठाऊक आहेत: अंक मोठा करा, ८० वरून आधी ६० आणि मग ४० अशा पायऱ्या ठेवा, ‘पुढे वेगमर्यादा’ असे आधी कळवा. यातला एकही महागडा नाही.

याच गणिताची दुसरी बाजूही मुलांपुढे मांडली पाहिजे, नाही तर हे सगळे चालकाचे वकीलपत्र वाटेल. समोर मूल आले तर ताशी ४० वेगाची गाडी, प्रतिसादाचे अडीच सेकंद आणि जोराचा ब्रेक (५ मीटर प्रति सेकंद वर्ग) धरून, सुमारे ४० मीटरमध्ये थांबते. ताशी ८० ला हेच अंतर सुमारे १०५ मीटर होते. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते हे सूत्र आपण फळ्यावर लिहितो. शाळेसमोरच्या त्या ६५ मीटरांत त्याचा अर्थ असतो. म्हणूनच ४० चा आकडा महत्त्वाचा आहे, आणि म्हणूनच तो झाडाआड असणे ही किरकोळ गैरसोय म्हणता येणार नाही.

फलक झाकायला झाडच लागते असे नाही. दोन पदरी मार्गिकेवर आपण ८० ने जात आहोत, डावीकडच्या पदरात ६० ने जाणारा १२ मीटर लांबीचा ट्रक आहे. त्याच्या मागे २० मीटर असल्यापासून त्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत डावी कड ट्रकने कमीअधिक झाकलेली असते. दोघांच्या वेगातला फरक सेकंदाला साडेपाच मीटर. ३२ मीटर भरून काढायला जवळजवळ सहा सेकंद. तेवढ्या वेळात आपण रस्त्यावर १२८ मीटर पुढे गेलो. फलक वाचता येण्याचा पट्टाच ५४ मीटरचा होता. या पट्ट्यात उसाच्या ट्रकांची रांग असेल तर डाव्या बाजूचा एकुलता एक फलक नसल्यात जमा आहे. दुभाजकावर दुसरा फलक असला तर हा प्रश्न सुटतो.

आणि जो त्या फलकावरून आलाच नाही त्याचे काय? वेशीच्या आतल्या बाजूला बाजार समितीचा रस्ता मुख्य रस्त्याला मिळतो. तिथून बाहेर पडणाऱ्या टेम्पोवाल्याने ४० चा फलक कधी पाहिलाच नाही. तो त्याच्या पाठीमागे राहिला. मर्यादा मात्र त्यालाही लागू. गावाच्या हद्दीत अशा प्रत्येक फाट्यानंतर फलक पुन्हा हवा.

रात्रीचा भाग थोडक्यात सांगतो. फलकावरचा चकाकणारा कागद साध्या आरशासारखा नसतो. बारीक काचमणी किंवा लोलक वापरून तो प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवतो. अंधारात विजेरी कानाशी धरून तीस मीटरवरच्या फलकावर टाका, तो झगझगीत दिसेल. चार पावले बाजूला उभ्या असलेल्या मित्राला तोच फलक मंद दिसेल. चिखल उडालेला किंवा धक्का लागून बराच फिरलेला फलक दिवसा ठीक वाटला तरी रात्री निकामी ठरू शकतो.

आतापर्यंत आपण डोळ्याचा हिशेब केला. मनाचा हिशेब अधिक अवघड आहे. स्वीडनमध्ये गुन्नार योहानसन आणि कोरे रूमार यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयातला मूळ प्रयोग मानतात. रस्त्यावरच्या फलकापुढे काही अंतरावर चालकांना थांबवून विचारले गेले: आत्ताच कोणता फलक गेला? वेगमर्यादेचा फलक ७८ टक्के चालकांना सांगता आला. पादचारी ओलांडतात असे सुचवणारा फलक फक्त १७ टक्क्यांना. दोन्ही फलक दिसण्याजोगेच होते. ज्यात आपला दंड होऊ शकतो तो लक्षात राहिला. ज्यात दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो तो राहिला नाही, असा याचा कडवट अर्थ काढता येतो. पण घाई नको. सांगता न येणे म्हणजे न दिसणे नव्हे. पाहून, गरजेपुरते वापरून, विसरणेही असू शकते. या प्रयोगावर हा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्त आहे. तरीही सर्वांत जास्त लक्षात राहणारा फलकसुद्धा पाचातला एक चालक सांगू शकत नाही, हे एक फलक लावून हात झटकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

रोजच्या रस्त्यावर तर आपण डोळ्यांपेक्षा सवयीने गाडी चालवतो. काल नव्हता तो फलक आज उभा केला तर रोजचा माणूसच तो सर्वांत आधी चुकवतो. त्यातच आपल्याकडचा एक खास प्रकार: रस्त्याचे काम संपून दोन पावसाळे झाले तरी ‘काम चालू, वेग २०’ ही पाटी तशीच उभी! अशा चार पाट्या ओलांडल्यावर पाचवी पाटी खरी असेल असे कोणी का मानावे? फलकांवरचा विश्वास असा थोडा थोडा संपतो, आणि त्याची भरपाई दंडाने होत नाही.

इतर देशांनी ‘दिसण्याजोगे होते का’ या प्रश्नाला उत्तर दिले आहे, तेही वेगवेगळ्या वाटांनी. जर्मनीच्या संघराज्य प्रशासकीय न्यायालयाने १९९६ साली एक कसोटी सांगितली. प्रकरण वेगाचे नव्हते, थांबण्यास मनाई करणाऱ्या फलकाचे होते. सर्वसाधारण काळजी घेणाऱ्या सरासरी चालकाला एका झटपट, जाता-जाता टाकलेल्या नजरेत कळेल असा फलक असेल तर तो सर्वांना लागू. मग एखाद्याने तो प्रत्यक्षात पाहिलेला असो वा नसो. या वाक्यात दोन्ही बाजूंची जबाबदारी आहे. चालकाला ‘पाहिले नाही’ म्हणता येत नाही, आणि प्रशासनाला ‘लावला होता’ एवढे म्हणून भागत नाही.

ब्रिटनमध्ये १९८४ च्या कायद्यानुसार, ठरवून दिलेल्या चिन्हांनी मर्यादा दाखवलेली नसेल तर त्या मर्यादेसाठी दोषी ठरवता येत नाही. २००६ साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने याचा अर्थ स्पष्ट केला: जिथे वेग मोजला तिथे पोचेपर्यंत, त्या मार्गाने आलेल्या चालकाला मर्यादेची पुरेशी कल्पना देणारे फलक हवेत. बाजार समितीच्या रस्त्याने आलेला आपला टेम्पोवाला इथे आठवावा. त्याच देशात वस्तीतल्या रस्त्यांसाठी आणखी एक युक्ती १९३० च्या दशकापासून आहे. ओळीने रस्त्यावरचे दिवे असतील आणि दोन दिव्यांतले अंतर २०० यार्डांपेक्षा (सुमारे १८३ मीटर) जास्त नसेल, तर वेगळे काही दाखवले नसताना वस्तीची मर्यादा लागू. तिची जागोजागी आठवण देणारे फलक लागत नाहीत. दिव्यांची ओळ हाच फलक. आम्हांला ही कल्पना आवडते, कारण ती एका छोट्या वर्तुळावर सगळे ओझे टाकत नाही. नेदरलँड्समधल्या अभियंत्यांनी १९९० च्या दशकात हेच पुढे नेले: रस्ता अरुंद करा, पृष्ठभाग बदला, वळण द्या, रस्त्यानेच सांगावे की इथे हळू. शाळेसमोर मोकळा, सरळ, चौपदरी डांबरी पट्टा ठेवायचा आणि वर ४० ची पाटी लावायची, म्हणजे रस्ता एक सांगतो आणि पाटी दुसरे. चालक रस्त्याचे ऐकतो.

आपल्याकडे हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे, तो कॅमेऱ्यांमुळे. २०१९ च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक देखरेखीची तरतूद (कलम १३६अ) आली आणि २०२१ मध्ये त्यासाठी नियम १६७अ झाला. कॅमेऱ्याची देखरेख असलेल्या पट्ट्यात तशी सूचना देणारे फलक ठळकपणे लावावेत असे त्या नियमात म्हटले होते, ही चांगली गोष्ट. पूर्वीपासून कलम १८३ मध्ये आणखी एक सुज्ञ अट आहे: केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावर, यंत्राने मोजल्याशिवाय, वेगाबद्दल कोणाला दोषी ठरवता येत नाही. वेग मोजायलाच हवा हे कायद्याने कधीच मान्य केले. फलकाचे दिसणे मोजायला हवे हे मात्र कोणी म्हटलेले नाही. चलनाबरोबरच्या छायाचित्रात गाडी, तारीख आणि वेग असतो. चालकाने ओलांडलेला फलक त्या दिवशी कसा दिसत होता हे नसते. रस्त्यावर पोलीस उभा असताना निदान वाद घालता येत असे: ‘चला, पाटी दाखवा!’ यंत्राशी हा संवाद होत नाही. फलकाचे छायाचित्र, त्याची जागा आणि शेवटच्या तपासणीची तारीख चलनाला जोडली तर खरा बेफिकीर चालक अधिक पक्का अडकेल आणि झाडाआडच्या पाटीचा बळी सुटेल.

रस्ता बांधणाऱ्याची जबाबदारी कायद्यात अगदीच नाही असे नाही. २०१९ मध्येच आलेले कलम १९८अ रस्त्याच्या आखणी-देखभालीतल्या कसुरीबद्दल एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. पण त्या कसुरीमुळे कोणी मेले किंवा अपंग झाले तरच. चालकाला दंड व्हायला मात्र अपघात व्हावा लागत नाही.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतल्या ७१.२ टक्के मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ असे नोंदले आहे. हा आकडा भाषणांत फार वापरला जातो. त्या जागी वेगाची मर्यादा काय होती, तिचा फलक होता का, होता तर किती मीटरवरून दिसत होता, यातले काहीच त्या एका शब्दात मावत नाही.

आता पुन्हा शाळेकडे. तक्ता काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. त्यावरचा ४० चा अंक जाड पुठ्ठ्यावर १५ सेंमी उंच कापून मैदानाच्या टोकाला लावा. मुलांनी लांबून एकेक पाऊल पुढे यावे आणि अंक वाचता आला की थांबावे, अंतर मोजावे. दरवेळी अंक बदला, नाही तर वर्ग पाठांतर करील! चष्मा असलेल्या मुलाने चष्मा काढूनही पाहावे, आणि संध्याकाळी सहाला पुन्हा. मग शिक्षकांसोबत, पूर्ण रस्त्याच्या कडेने, शाळेच्या दोन्ही बाजूंचे फलक पाहून यावेत: अंकाची अंदाजे उंची, तो पहिल्यांदा दिसतो त्या जागेपासून फलकापर्यंतची पावले, मध्ये काय आडवे येते, जवळचा फाटा कुठे. मोजणारा नेहमी साइडपट्टीच्या बाहेर आणि वाहनांकडे तोंड करून. ही नोंद वर्षातून दोनदा करावी, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा श्रावणात. दोन्ही नोंदी आणि छायाचित्रे अर्जाला जोडून तो रस्ता ज्यांच्याकडे आहे त्या बांधकाम विभागाला आणि वाहतूक पोलिसांना मुख्याध्यापकांच्या सहीने द्यावा, आणि पोच घ्यावी. फांदी किती दिवसांनी छाटली गेली तेही वहीत लिहून ठेवावे.